दोन होल बाकी

योगिनी : अकरा नाही, शौकतभाई. सहा.

शौकत : अकरा मोजले मी. तुमच्यासमोर, तोंडानं.

योगिनी : तोंडानं भरभर मोजले. मी घड्याळात बघत होते. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत सहा सेकंद. म्हणजे ती दोन किलोमीटरवर आहे.

शौकत : कॉलेजातून रिटायर झाला, पण फिजिक्स काय सुटत नाय तुमचं. पटर द्या इकडं, बॉल होलात घालतो.

योगिनी : कशाला? ग्रीनवर, होलाभोवती सगळं पाणी साचलंय. बॉल दोन हात जाईल आणि थांबेल.

शौकत : जोरात मारीन मग. टॉवेल कुठाय?

योगिनी : हा घ्या. पिळून पिळून माझी मनगटं गेली. बॅगेत अर्धी गोदावरी आलीय.

शौकत : एकोणीस वर्षं तुमची बॅग उचलली मी, कधी कुरकुर केली? वर्षातून एक दिवस कॅडींची गोल्फ मॅच असती, मेंबर लोक आमची बॅग उचलतात. तेवढ्यात दमला?

योगिनी : दमले. तुम्हीही दमलाय. खेळ थांबवायचा भोंगा वाजायला हवा होता एव्हाना.

शौकत : क्लबात लाईट नाय, भोंगा काय तोंडानं वाजवतील? फोन पण लागेना. आपलं आपणच ठरवायचं.

योगिनी : मग थांबा.

शौकत : आमच्यातला राज थांबला ना चौदाव्या होलवर. काय झालं? बाद.

योगिनी : तो पावसाला कंटाळून गेला. पावसासाठी खेळ सोडला की बाद. विजेसाठी सोडला तर नाही, तसा नियमच आहे. बॉलच्या जागी खूण करायची आणि राहिलेले दोन होल उद्या खेळायचे.

शौकत : उद्या! हा गुडघा बघा. सकाळी पट्टी बांधली तेव्हा एवढासा होता. रात्रीतून याचा नारळ होतोय. उद्या मी संडासला भिंत धरून जाणार, आणि तुम्ही म्हणता दोन होल.

योगिनी : बघितलाय मी गुडघा.

शौकत : महेश कधीच खेळून, कपडे बदलून चहा पीत बसलाय. चोवीस वर्षांचं पोरगं. त्याच्यापेक्षा एका फटक्यानं पुढं हाय मी. हे दोन होल सरळ गेले की पोरांना शिकवायची जागा माझी. महिन्याला पगार, मॅडम. बसायला खुर्ची. नायतर डॉक्टरनं सांगितलंच हाय, दिवाळीनंतर बॅग उचलायची नाय.

योगिनी : माहीत आहे. डॉक्टरकडे मीच नेलं होतं तुम्हाला.

शौकत : मग अडवता कशाला?

(वीज. मग गडगडाट.)

योगिनी : किती?

शौकत : नाय मोजले.

योगिनी : पाच.

शौकत : एक सांगू? रागावू नका. त्या वर्षी लेडीज कपला तुम्ही पुढं होता. तेराव्या होलवर मी बोललो, मॅडम, सातच झाले, चला आत. तुम्ही आला. दुसऱ्या दिवशी तुमचा खेळ बिघडला, कप पुण्याच्या बाईनं नेला.

योगिनी : आठवतंय.

शौकत : सात नव्हते. वीस तरी असतील. मी मुद्दाम हळू मोजले. त्याच महिन्यात सायखेड्याला माझा चुलतभाऊ शेतात विजेनं गेला होता. मला उभं राहवत नव्हतं तिथं. तवा मी खोटं मोजलं तर तुम्ही ऐकलं. आज पण ऐका.

योगिनी : एकवीस होते.

शौकत : काय?

योगिनी : मीही मोजत होते. नेहमीच मोजते.

शौकत : मग आत आला कशाला? पुढं होता तुम्ही!

योगिनी : वीज चमकली की तुम्ही खाली बसत होता. आणि चौदा लोखंडी काठ्या तुमच्या खांद्यावर होत्या, माझ्या नाही.

शौकत : एवढी वर्षं बोलला नाय कधी.

योगिनी : बोलून काय करायचं होतं? हा घ्या पटर. मारा. मी होलातला झेंडा धरते.

शौकत : झेंड्याला हात लावू नका.

योगिनी : कॅडीचं कामच आहे ते.

शौकत : मॅडम, सोडा तो. उघड्यावर दांडा धरून कोण उभं राहतं?

योगिनी : तुम्ही खेळणार असाल तर मी राहते.

शौकत : ही जबरदस्ती झाली.

योगिनी : हो. झाली.

शौकत : सोडा म्हणतो ना! नाय मारत. झालं समाधान? खूण कशानं करू?

योगिनी : टीनं करा, त्या लाकडी खुंटीनं. खोल दाबा, पाण्यानं हलायला नको. आता चार वाजून दहा मिनिटं. कार्डावर पेन उमटत नाही, लक्षात ठेवते.

शौकत : आणि उद्या उठलोच नाय तर?

योगिनी : तर जागा महेशची. दुसरं काही सांगून तुम्हाला फसवणार नाही मी.

शौकत : एवढं खरं बोलायची लय वाईट खोड हाय तुम्हाला.

योगिनी : बॅग राहू दे इथंच.

शौकत : भिजंल ती.

योगिनी : आता आणखी काय भिजायचं राहिलंय? चला. तिकडे नाही, झाडाखाली नको. पंपाच्या खोलीकडे.

शौकत : तुम्ही पुढं व्हा, मॅडम. मला धावता येत नाय.

योगिनी : मला तरी कुठं येतं.