लुंबिनीच्या आठ किलोमीटर अलीकडे

— परत वाच, या बाजूने ये. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडं आहे. आणि बॅनरचं कापड सगळं उलगडू नको प्रदीप, खोली केवढी, त्या टोकाला रूपाली सूनबाईने दूध ठेवलंय. हां, तेवढंच धर. काय लिहिलंय — सुरत ते लुंबिनी, एकट्याने, सायकलवर, वय सदुसष्ट. हं. आणि हा फोटो माझाच का? बरा आलाय. म्हणजे पौर्णिमेला विहारात हे लावणार, मला पुढे बसवणार आणि मी दोन शब्द बोलायचे. मी काय बोलणार रे? चाळीस वर्षं कापडाच्या खात्यात माग चालवले. तिथे त्या आवाजात कोणी बोलत नाही, सगळं हातानेच — धागा तुटला, पाणी आण, सेठ आला. तोंडाची सवयच गेली.

तू कमिटीचा चिटणीस आहेस, तुला लिहून न्यायचंय, तर बस. खुर्ची नको, ती डुगडुगते, पलंगावर बस. कुठून सांगू? मंदापासूनच सांगावं लागेल. तू बघितलीस ना तिला, विहारात सतरंज्या झटकायची ती. तिला लुंबिनीला जायचं होतं. पांढरी साडी घेऊन ठेवली होती तिने, वर कागद तसाच, म्हणायची ही तिथेच नेसणार. मी म्हणायचो पुढच्या वर्षी. ती म्हणायची, पुढच्या वर्षी म्हणजे तुमच्या त्या सायकलच्या कॅरियरवर बसवूनच नेता का काय. टोमणाच होता तो. मग ती गेली. तिसऱ्या दिवशी मी मागावर होतो — बदली माणूस नव्हता, काय करणार. तिच्या जलदानविधीच्या दिवशीसुद्धा अर्धी पाळी भरली. लोक म्हणाले आनंदाबाबा घट्ट आहे. घट्ट नाही रे, मला काही होतच नव्हतं. जेवायचो, झोपायचो, माग चालवायचो. पुढे सेठने खातं भंगारात काढलं आणि मी रिकामा झालो. ती जाऊन अकरा महिने झाले होते. म्हटलं, साडी तरी नेऊन ठेवू तिथे. कॅरियरवर बांधली आणि निघालो. पोरगा, सुशांत, ओरडला, मी मान हलवली आणि निघालो.

रस्त्याचं काय सांगायचं, रस्ता म्हणजे रस्ता. पस्तीस-छत्तीस दिवस. परदेश परदेश करता तुम्ही — सोनौलीला एक कमान आहे, तिच्याखालून गेलं की झाला परदेश. तीच धूळ, तीच कुत्री. गोरखपूरला उकाड्यापायी डोक्यावरचे केस साफ उतरवून घेतले होते, ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग ती भानगड — लिहू नको हे, पेन खाली ठेव. कमानीपलीकडे भैरहवा गाव लागतं, त्याच्या पुढे पोट बिघडलं. कशाने, मला काय माहीत, पाण्याने असेल. सायकलवरून उतरेपर्यंत सुद्धा — म्हाताऱ्या माणसाचं तुला कळेल पुढे. पँट गेली, शर्टसुद्धा खालून गेला. कालव्यात उतरलो, सगळं धुतलं, चपला धुतल्या. मग बघतो तर कॅरियरवर दुसऱ्या कपड्यांची पिशवीच नाही. कुठेतरी पडली असेल. लोक मागून ओरडलेही असतील, मला कुठे ऐकू येतं. राहिली होती ती साडी. मग काय, कालव्यात किती वेळ उभा राहणार? कागद फाडला, अर्धी कमरेला गुंडाळली, अर्धी अंगावर घेतली, ओले कपडे आणि चपला हँडलला टांगल्या आणि अनवाणी सायकल ढकलत निघालो. तिच्यासाठी घेतलेली साडी, आणि पहिल्यांदा अंगावर आली ती माझ्या. पोट काही थांबलं नव्हतं. डाग पडला. तो अजून आहे.

पहिलं घर लागलं तिथे पाणी मागितलं. बाई ओट्यावर होती. माझ्याकडे बघून आत गेली, लोटा घेऊन आली आणि खूण केली — ओंजळ धर. वरून ओतलं, प्रदीप. लोटा लागू दिला नाही. आमच्या आज्याला गावात असंच वरून पाणी मिळायचं, बापाने सांगितलेलं. मी म्हटलं, आलं. इतक्या लांब येऊन, बुद्धाच्या दारात येऊन पुन्हा तेच. हिला कळलं कसं? नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मग तिने पानावर भात ठेवला, तूप ठेवलं, केळं ठेवलं, लांब जमिनीवर, आणि मागे सरली. राग आला का म्हणतोस — नाही आला. राग यायला आत काहीतरी लागतं. मी बसून खाल्लं. भाताला मीठ नव्हतं.

तेवढ्यात तिचा नवरा आला. गोपाल. तो लांबून काहीतरी बोलायचा, मला ऐकू येईना, म्हणून मी जवळ सरकलो. तो मागे सरकला. मी पुढे, तो मागे — अर्धा गोठा फिरलो आम्ही दोघं तसे, म्हैस बघत होती. शेवटी मी ओरडून सांगितलं, सुरतचा आहे, कान गेलेत. तर तो हसला. तमे सुरतना, गुजरातीतच म्हणाला. आपल्या सुरतेतच, कतारगामला, हिऱ्याच्या कारखान्यावर चौदा वर्षं वॉचमन होता तो. मग हात तोंडाला लावून मोठ्याने विचारलं — घर में कौन गया?

मला कळेना. त्याने माझ्या डोक्याकडे बोट केलं, साडीकडे केलं, पायांकडे केलं. त्यांच्यात घरचं माणूस गेलं की डोक्यावरचे केस काढतात, पांढरं बिनशिवलेलं गुंडाळतात, अनवाणी राहतात. तेरा दिवस त्याला कोणी शिवत नाही. मीठ नाही. जात नव्हती ती रे. त्यांना वाटलं हा माणूस दुःखात आहे.

मी म्हटलं, बायको. नाव विचारलं, सांगितलं. मंदा. वर्षभरात ते नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. किती दिवस झाले, म्हणाला. मी बोटं दाखवली — तीन. का तीन ते विचारू नको. खोटंच होतं.

मग तेरातले राहिले दहा. गोठ्याच्या कडेला त्याने गवत टाकून दिलं. माझे कपडे त्याच संध्याकाळी वाळले होते, प्रदीप. पोटही दोन दिवसांत थांबलं. मी बसून राहिलो. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा मला वाचता येत नाहीत पण पाठ आहेत. मी पिंड केला नाही, श्राद्ध केलं नाही, कोणापुढे हात जोडले नाहीत. नुसता बसलो. पण सुतकाचा माणूस म्हणूनच बसलो ना? ती बाई रोज भात ठेवायची आणि मागे सरायची. कोणी म्हणत नव्हतं की बाबा घट्ट आहे. रडलो? नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

दहा झाले तसा गोपाल आला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला चल, लुंबिनी इथून आठ किलोमीटर, मी येतो बरोबर. मी साडीकडे बघितलं. डाग पडलेली, गोठ्यात लोळलेली. ही तिथे काय ठेवायची? पँट घातली, साडी घडी केली आणि चाक उलटं फिरवलं. गोरखपूरहून गाडी धरली, सायकल लगेजमध्ये टाकली.

हो, बरोबर ऐकलंस. नाही गेलो. इथे गल्लीत उतरलो तर शेजारची शोभाबाई आणि चारजण धावत आले, लुंबिनी केली का बाबा? मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवतो, बहिऱ्याला दुसरं काय — पण नाही. ते मला ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.

साडी त्या पेटीत आहे, तळाशी. रूपालीला वाटतं तिकडे वाहिली. तिची एवढी एक इच्छा, आणि मी ती आठ किलोमीटरवर सोडली. आता तुम्ही शाल घालणार.

चहा निवला तुझा. राहू दे. ते कापड गुंडाळ, घडी नको घालू, फोटोवर चीर पडेल. कमिटीला काय सांगायचं ते तू बघ, मी मान हलवणार नाही एवढंच. जा आता, ऊन चढतंय. आणि दार नीट ओढून घे — लागलं की नाही, मला कळत नाही.