वैद्यबुवांचा फोन नंबर

नंबर कशाला पाहिजे, ते आधी सांगा. — नाही, बसा, बसायला माझी ना नाही. तो पँटींचा ढीग खाली ठेवा आणि बसा. पण नंबर मिळणार नाही. कॉम्प्युटरवरचा खेळ मोबाइलवर आणताय, आणा की. अकरा वर्षं मी या शिलाईच्या दुकानात, पडद्यामागच्या त्या जुन्या डबड्यावर खेळतेय, तेव्हा कंपनीतून कुणी विचारायला आलं नाही, आणि आता तुम्ही जातीनं हजर — म्हणे जुन्या खेळाडूंना घरपोच मदत. वर खेळातली नवी झोळी फुकट, झाडपाल्यासकट. आवळा देऊन कोहळा काढायची रीत मला नवी नाही, साहेब. चोवीस वर्षं गिऱ्हाइकं बघतेय. पँट ढिली करायला आलेला माणूस कोट फुकटात उसवून घेऊ बघतो.

काय म्हणालात? परत सांगा, सावकाश. — ज्याच्या फोनमध्ये माझा नंबर आहे, त्याला आपोआप दिसणार, ही बाई खेळते म्हणून. आणि कुठल्या नावानं खेळते, तेही. मला वास आलाच होता. दात काढून सोय म्हणून सांगताय, पण ही चहाडी झाली.

खेळात मी बाई नाही, तुमच्या कागदावर असेलच. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आहे, वैद्यबुवा म्हणतात. लढत नाही. लोक मार खाऊन येतात, मी लेप लावते, उठवून बसवते. चौथी शिकलेली बाई मी, पहिले पंधरा दिवस भिंतीला धडका देत होते. मग एक पोरगी आली — खेळातलीच, पाठीला धनुष्य — तिनं धीरानं शिकवलं, बुवा, आधी मागं फिरा, मग चाला. तेव्हापासून रोज चारला येते, तिच्या कामावर सुट्टी होते तेव्हा. मालक खडूस आहे म्हणते. खोली बदलली, नळाला पाणी बरं आहे म्हणते. मध्ये तापानं तीन दिवस आली नाही, तर माझ्या हातून दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या बसल्या.

छे, माझी कोण लागतेय ती. अशीच ओळख. — असं काय बघताय? ओळखीच्या माणसाची काळजी करू नये की काय? — बरं, आहे माझी. पोटची आहे. झालं समाधान?

याच डबड्यावर खेळायची ती, बारा वर्षांपूर्वी. मला वाटायचं, पोरीच्या जातीला हे धंदे कशाला. त्या दिवशी खेळ ऐन रंगात होता, सगळी टोळी तिच्या भरवशावर, मी हाका मारतेय आणि ही उठेना — सरळ वायर उपटली. वर गिऱ्हाइकांसमोर मुस्काटात दिली. एकोणीस वर्षांची घोडी होती ती तेव्हा. रडली नाही, बॅग भरली. दोनदा फोन केला मी, आवाज ऐकून तिनं ठेवून दिला. मग वर्षभरानं पडद्यामागं बसले. तिचं खेळातलं नाव ठाऊक होतं, तेवढ्या जोरावर शोधून काढली. आता बारा वर्षांत तिनं माझा नंबर पुसला असेल तर तुमच्या मशिनीची भीती नाही मला. पण पुसला असेल तर — जाऊ दे, ते तुम्हाला काय सांगायचं.

एकदा आपणहून म्हणाली, बुवा, माझी आई वाईट नव्हती, तिचा हात तेवढा आवरायचा नाही. मी काय लिहिणार? अर्धा तास लागला. लिहिलं, लेप लावू का. तिनं हसल्याचं चित्र पाठवलं.

हे सगळं तिनं म्हाताऱ्याला सांगितलंय, साहेब. आईला एक अक्षर सांगितलं नसतं. उद्या तिच्या फोनवर माझं नाव उमटलं, तर म्हणेल, अकरा वर्षं पाळत ठेवली थेरडीनं. आणि त्यात खोटं काय आहे?

म्हणून मी इथंच बरी. मला नको तुमचा मोबाइल. — बंद म्हणजे? कॉम्प्युटरवरचा अगदीच बंद? — गुरुवारी. आज सोमवार. तरीच काल म्हणत होती, बुवा, मी तिकडं नाव घातलं, तुम्ही कधी येताय.

दुसरं सिमकार्ड घ्या म्हणता. ते तुम्ही दारात यायच्या आधी, खेळात नंबर मागणारी पाटी झळकली तेव्हाच सुचलंय मला. शिकलेली नसले तरी डोकं आहे. परवा सिमकार्डाच्या दुकानापर्यंत जाऊन आले. काउंटरवर पोचले आणि वाटलं, ही चोरी अजून किती वर्षं? तिची तिशी उलटली. माझे डोळे असेच राहणार आहेत का? सुई ओवायला आत्ताच दोन चष्मे लागतात. एक दिवस वैद्यबुवा यायचे थांबतील, आणि ती वाट बघत बसेल, कुणाला विचारायचं तेही तिला कळायचं नाही.

नाही, भरू नका काही. बंद करा तो फोन. सांगायचंच तर तुमच्या मशिनीनं का सांगावं? वायर मी उपटली होती, मशिनीनं नाही. नंबर तिला मी देईन, माझ्या हातानं, आणि कुणाचा आहे तेही लिहीन. मग ती ठेवो नाहीतर पुसो.

चार वाजत आले. उठा आता. तो ढीग राहू द्या, मी उचलीन. जाताना दार लोटून घ्या — कुणी बघत असलं की मला लिहिता येत नाही.