काशिनाथची टायरं

मला खुशाल थापाड्या म्हणा, पण जव्हार-मोखाडा घाटातला तो नवा रस्ता मी हात लावून पाहिलाय. जुन्या टायरांचा चुरा डांबरात घालून केलेला. आमच्या काशिनाथनं आपल्या वडाप जीपची झिजलेली टायरं, स्टेपनीसकट, त्याच कामाला देऊन टाकली. म्हणाला, "दादा, यंदा खड्ड्यात पाटा मोडला तर जीप थेट भंगारात."

मग पाऊस असा कोसळला, की डोंगरच तेवढा वाहून जायचा राहिला. उघडीप मिळताच आम्ही घाटात गेलो, तर रस्ता सारवलेल्या अंगणासारखा. काशिनाथ चपला काढून त्यावर उभा राहिला.

"माझीच टायरं, दादा. त्यांना हा घाट पाठ आहे."

मोखाड्याच्या अलीकडे मात्र एक खड्डा पडला होता. पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, "बाजाराच्या गर्दीत डंपर अडकला आणि माल थंड झाला. रबराचं डांबर गरम असतानाच दाबावं लागतं. रोलर उशिरा फिरला, म्हणून इथं उखडलं."

काशिनाथनं खड्ड्याकडे बघून मान हलवली.

"नाय साहेब. इथं माझी स्टेपनी गेली असणार. ती कधीच वेळेला कामाला आली नाय."