वारा न मोजणारं सूत्र

न्या की, खुशाल न्या! वाऱ्याचं यंत्र काढायलाच आलात ना साहेब? स्क्रू मी स्वतः सोडवून देतो — पण आधी बसा, ऐका. नुसत्या तापमानावरून कळतं म्हणे, जमिनीतलं अन् झाडांतलं किती पाणी उडालं ते! कोण म्हणतं? तुमचं मुख्य कार्यालय म्हणतं. तिथे पंखासुद्धा रेग्युलेटरवर चालतो, त्यांना काय वारा ठाऊक! ती खिडकी उघडा जरा — धरा, धरा कागद! — बघितलंत? सहा-सहा महिने हा असाच, कोरडा ठक्क. ओला टॉवेल बाहेर टाका, चहा उकळेस्तोवर पापड होतो त्याचा. परवा वारा पडलेला, थर्मामीटरवर छत्तीस. काल वारा सुटलेला, तरी छत्तीसच. अन् टेकाडावरच्या त्या मोजपात्रातलं पाणी? परवा सात मिलिमीटर उतरलं, काल तेरा! तुमच्या सूत्राला दोन्ही दिवस सारखेच. कालव्याला सबंध हंगाम पाणी सोडलं ते असंच, सातच्या हिशेबानं. कालव्याच्या शेवटाला कोणाची बाग आहे माहितीये? माझ्या धाकट्या बहिणीची. संत्र्याची झाडं उभी वाळली हो, उभी! फोनवर तुमच्या ऑफिसला शिव्या घालत होती, अन् मी म्हटलं, घाल, आणखी घाल.

काय? सूत्र माझ्याच रोजच्या नोंदींच्या रजिस्टरवरून बसवलंय? दाखवा. हं — अक्षर माझंच. तापमान अन् उडालेलं पाणी, दोन वर्षांचे आकडे तंतोतंत जुळतात म्हणता? जुळणारच! न जुळून सांगतात कोणाला! अहो, भर वाऱ्यात, डोळ्यांत धूळ जात असताना, दुखरे गुडघे घेऊन रोज सकाळी टेकाड कोण चढणार? व्हरांड्यातला थर्मामीटर बघायचा, खुर्चीत बसायचं — छत्तीसला सात, अडतीसला आठ — टाकला आकडा, झालं काम...

म्हणजे — रोज नाही. एखाद्या दिवशी. आता जातो मी रोज, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एक दिवस चुकवला नाही. असं काय बघताय? माझ्या थापांवरून कोणी सूत्र बसवील, त्यावर पाणी सोडील, हे मला काय स्वप्न पडलं होतं? विचारायचं ना एकदा, की बाबा, दोन वर्षं वारा वाहिलाच नाही का तुमच्याकडे! एकालाही विचारावंसं वाटलं नाही!

लिहून घेताय? घ्या. सही करतो खाली. फक्त बहिणीला तुम्ही फोन करू नका, तिला मी सांगेन. यंत्राला हात लावू नका, राहू दे ते तिथेच. निघा आता. अन् दार ओढून घ्या, वारा आत येतोय.