तिळाच्या डब्यातल्या सत्तावीस गाठी

मंडळी, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसाल तर झोप येईल, आणि घोरण्याला टाळाची साथ बरी दिसत नाही! ऐका. आज एकच प्रश्न. महिन्याला घरात पैसा येतो – येतो ना? – मग तो जातो कुठं? सांगा! तुम्ही सांगा, पागोटेवाले! नाही सांगता येत? त्यांच्या मंडळी तिकडं बायकांत बसल्यात, त्या हसतायत बघा. त्यांना ठाऊक आहे!

तर ऐका. आमच्या भागात रंगनाथराव डोईफोडे नावाचा एक माणूस. एसटीत कंडक्टर. तीस वर्षं तिकिटं फाडली. रोजचा भरणा चोख, एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. आणि घरी? पगार आणायचा, अनुसयाबाईच्या हातात द्यायचा, अन् विचारायचं काय – "जेवायला काय केलं?" झाला हिशेब!

अनुसयाबाईला अक्षर येत नव्हतं. पण तीस वर्षांत त्या घरानं कुणापुढं हात पसरला नाही. हे कसं? रंगनाथला कधी प्रश्न पडला नाही. तुम्हाला पडलाय? ... असू द्या.

एक दिवस अनुसयाबाई गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी हा माणूस जन्मात पहिल्यांदा साखर शोधायला निघाला. बाजरीचा डबा उघडला – आत फडक्याची पुरचुंडी, सुतळीनं बांधलेली. पुरचुंडीत पैसे! मग तूरडाळ उघडली, पैसे. सुक्या मिरच्या, पैसे. तीळ, पैसे. मेथ्या, पैसे! पाच डबे, पाच पुरचुंड्या. साखर मात्र सापडली नाही!

आता यानं काय करावं? सुतळ्यांना गाठीच गाठी. सोडवतंय कोण! ब्लेड घेतलं, कचाकच कापल्या. सगळा पैसा चटईवर ओतला आणि बसला ड्युटी संपल्यासारखा – पाचशेच्या पाचशेत, शंभराच्या शंभरात, दहाच्या दहात. बारा हजार तीनशे! रबर लावलं, बँकेत गेला, पाच वर्षांची मुदत ठेव करून आला. खूष! म्हणाला, "बाईनं नुसतं लपवून ठेवलं होतं. मी कामाला लावलं."

हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं. कुणीही हेच केलं असतं.

पाच तारखेला शेवंताबाई दारात. "कंडक्टर, बाजरीतलं द्या."

"किती किलो?"

"बाजरी नको हो! बाजरीतलं! भिशीचे पाचशे. आम्ही बारा जणी आहोत, आज नंबर कुंभारणीचा आहे. अनुसयानं कधी तारीख चुकवली नाही."

याच्या खिशात होते तीनशे. शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. "तीस वर्षं लोकांना तिकिटं दिलीत, अन् आपल्या घरची गाडी कुठं जाते ते ठाऊक नाही?"

मग मात्र याला चैन पडेना. बाजरीतलं भिशीचं. मग बाकीचं कशाचं? मुलीला फोन लावला. मंदा सातव्या महिन्यात.

"मंदा, तूरडाळीतलं कशाचं गं?"

ती म्हणाली, "माझ्या बाळंतपणाचं, बाबा. आईनं सांगितलं होतं."

"आणि मिरचीतलं?"

"ते तुमच्या कवळीचं! दात हलतात म्हणून तुम्ही मिरचीच्या डब्याला हात लावत नाही. आई म्हणायची, तिथं पैसा सुरक्षित राहतो."

बघा मंडळी! आम्ही म्हणतो बाईला व्यवहार कळत नाही!

दोन दिवसांनी शेजारची गयाबाई आली. दारातच उभी. "दाजी, अक्काचा तिळाचा डबा द्याल? आठवण म्हणून."

यानं दिला. तिनं झाकण काढलं, तिळात हात घातला, पार तळापर्यंत. तोंड उतरलं. डबा खाली ठेवला. "राहू द्या दाजी. घरी तीळ पुष्कळ आहेत." अन् गेली!

आता सांगा – तीळ मागायला आलेली बाई तीळ न घेता का गेली? रंगनाथ डब्याकडं बघत बसला. मग उठला. कंडक्टरची जात, सुतळी टाकत नाही! खिळ्याला पाचही अडकवलेल्या होत्या. एकेक नाकाशी धरली. एकीला मिरचीचा ठसका – शिंकला! एक मेथीनं कडू. आणि एकीच्या गाठींत तीळ अडकलेले. ब्लेड बांधणीवर चाललं होतं, गाठींचं शेपूट शाबूत होतं. बाजरीचा कोंडा चिकटलेली सुतळी घेतली, गाठी मोजल्या – पाच. भिशी पाचशे. एक गाठ म्हणजे शंभर! मग तिळाची मोजली. सत्तावीस.

म्हणजे त्या गाठी बांधण्यासाठी नव्हत्याच, मंडळी. ती वही होती! आणि यानं ती ब्लेडनं कापली होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत. "ठेव मोडायची आहे." साहेब म्हणाला, "काका, व्याज जाईल." हा म्हणाला, "व्याज जाऊ द्या, शब्द जातोय."

आधी शेवंताबाईचे पाचशे दिले, मग गयाबाईच्या दारात गेला. तिचा नवरा लॉटरीच्या नादी. घरात दमडी टिकत नाही. न्हाणीघराला दार नव्हतं, पोरी मोठ्या झालेल्या, आंघोळीला चादर धरावी लागे. त्या दारासाठी ती अक्काकडं पैसे ठेवायची. साक्षीदार कोण? अक्का. अक्का तर गेली. मग मागायचं कोणत्या तोंडानं?

"गया, किती होते?"

"सत्तावीसशे." मान खाली. "खोटं वाटत असेल तर राहू द्या, दाजी."

यानं सुतळी तिच्या हातात ठेवली. "मोज."

तिनं मोजली. सत्ताविसाव्या गाठीला बोट थांबलं, आणि बाई रडायला लागली. यानं नोटा पुढं केल्या. तिनं त्या परत याच्याच हातात दिल्या. पदराच्या टोकाचे शंभर सोडले, तेही वर ठेवले.

"अजून थोडे कमी पडतात, दाजी. तिळातच ठेवा."

त्या रात्री रंगनाथनं पैसे पुन्हा वेगळे केले. भिशी दिलेली, उरल्या चार पुरचुंड्या. तिळाच्या सुतळीला अठ्ठाविसावी गाठ मारली. त्याच्या हातची पहिली! वाकडी बसली, पण बसली.

राहिली मेथी. अकरा गाठी, अकराशे रुपये. कशाचे? शेवंताबाईला विचारलं, मंदाला विचारलं, वाण्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं. कुणाला ठाऊक नाही. मागायला कुणी आलं नाही. ते पैसे अजून मेथीतच आहेत, मंडळी. ज्याला ठाऊक होतं ते माणूस आता सांगायला नाही.

म्हणून आज दान मागत नाही, नेम मागत नाही. घरी जा. स्वयंपाकघरात जा. डबे उघडू नका! पाटावर बसा आणि विचारा – बाई, यात काय आहे, कशासाठी आहे? ती म्हणेल, आज काय झालं तुम्हाला! म्हणू द्या. पण विचारा.

आणि मेथीपासून सुरुवात करा.