चेहरा त्याचा, नाक माझं

कट्.

एवढाच आवाज हो. वाळलेली काडी पायाखाली यावी तसा. ग्लोव्हच्या आतून निघाला, मनगटातून, कोपरातून वर चढला आणि थेट माझ्या कानात. हॉलमध्ये माणसं ओरडत होती, मागे कुणी खुर्च्या आपटत होतं, पण मला ऐकू आलं ते फक्त कट्, आणि पन्नास वर्षं होऊन गेली तरी अजून येतंय, आणि हे लोक मला सांगतात, काका, नाक सरळच छान दिसतं. छान दिसतं? अहो, तो काय लग्नाला उभा आहे? बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन आहे तो, आणि त्याचं नाक उजव्या गालाकडे कललेलं आहे, आणि ते मी कलवलंय. चेहरा त्याचा असेल, नाक माझं आहे.

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, ह्यांनी 'चहा हवाय' म्हणेपर्यंत चहा निवतो. माझा धंदाच तसा, सोफे, खुर्च्या, गाद्यांची कव्हरं, आणि आमच्या कामात बारीक खिळे ओठांत धरायचे असतात, एकेक काढायचा आणि ठोकायचा, मग बोलणार कशानं? शाळेतही मास्तर प्रश्न विचारायचे आणि माझं उत्तर यायच्या आत घंटा व्हायची, त्यामुळे शाळेचं आणि माझं लवकरच मिटलं. पण ह्या नाकाचा विषय निघाला ना, की खिळे बाजूला ठेवतो, हातोडी बाजूला ठेवतो आणि मग मला आवरणं बायकोलाही जमत नाही...

तर झालं काय, आमच्या भागात नवा क्रीडा हॉल बांधला, दारात चॅम्पियनचा पुतळा बसवायचा ठरला, छातीपर्यंतचा, ओतीव पितळेचा. आणि पुढच्या रांगेत जुन्या हॉलमधल्याच खुर्च्या मांडलेल्या, त्यांचं कापड फाटलेलं, म्हणून मला बोलावलं. मी जमिनीवर बसून खुर्ची उलटी करून जुना स्पंज उपसतोय, तेवढ्यात चार माणसांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्याशेजारी ठेवलं आणि गेले. आता शेजारी आणून ठेवल्यावर माणूस बघणार नाही का? मी गोणपाट जरा वर केलं. हनुवटी तीच. ओठ तेच, खालचा जरा जाड. आणि वर नाक... सरळ! देवळाच्या खांबासारखं सरळ! मी म्हटलं, हा कोण?

अध्यक्षांकडे गेलो. हॉलच्या समितीचे अध्यक्ष, चांगला माणूस, फक्त बोलताना समोर माइक असल्यासारखा बोलतो. म्हटलं, साहेब, नाक चुकलंय. ते म्हणाले, "काका, तुम्ही खुर्च्यांचं बघा." म्हटलं, खुर्च्यांचं बघतोच आहे, पण नाक चुकलंय. तेवढ्यात मूर्तिकार आला, त्याचा चेहरा आधीच पडलेला. म्हणाला, "माझ्याकडून नाही चुकलं हो. मी फोटो बघून वाकडंच केलं होतं. पण मेणाचा नमुना ओतकामवाल्याकडे गेला, आणि त्याला वाटलं, टेम्पोत दाबलं जाऊन नाक वाकडं झालं. त्यानं आपणहून अंगठा गरम करून सरळ केलं आणि ओतून टाकलं. वर मला फोन करून सांगतोय, साहेब, तुमचा माल डॅमेज झाला होता, मी निस्तरला, काळजी करू नका."

निस्तरला! अहो, जे करायला मला अख्खी एक लढत लागली ते त्या भल्या माणसानं अंगठ्यानं पुसलं!

आणि अध्यक्ष काय म्हणाले माहितीये? "उलट बरंच झालं. नाहीतरी त्या सुरुवातीच्या दोन हारी कशाला आठवायच्या? तेवढ्या दोन सोडल्या तर माणूस अजिंक्य आहे. पुतळा बघून पुढच्या पिढीला विजय दिसला पाहिजे."

तेवढ्या दोन. आता तुम्हाला सांगतो, त्या दोन्ही माझ्या.

मी हे अध्यक्षांना सांगितलं का? नाही. तोंड उघडलं, वाक्य जुळवत होतो, तोवर ते गाडीत बसलेसुद्धा.

पण तुम्ही बसलाय तर ऐका. तेव्हा तो नुसता पोरगा होता, देखणा, आणि त्याला ते माहीत होतं. रिंगमध्ये यायचा तो डावा हात कमरेपाशी सोडून, पहिल्या रांगेकडे बघून हसत. मीही काही कमी नव्हतो, दारातून आडवं होऊन आत यावं लागेल असा देह होता. त्याचा डावा हात खाली, त्याचं लक्ष पहिल्या रांगेत, आणि माझा उजवा... कट्. पुढच्या मोसमात पुन्हा आला. नाक कललेलं, पण डावा हात वर, गालाला चिकटलेला. हसणं बंद. मी जिंकलो, पण गुणांवर, तेही काठावर, आणि घरी गेलो तर बायकोला माझ्या बरगड्यांना हात लावू देईना. तिला म्हटलं, हा पोरगा आता शिकलाय. तिसरी लढत ठरली होती. पण वडील अंथरुणाला खिळले, दुकान उघडायला कुणी नाही, त्यांची हातोडी मी उचलली ती उचललीच. तिसरी लढत राहिली ती राहिलीच.

पुढे तो चॅम्पियन झाला. कसा झाला? कललेल्या नाकातून पुरता श्वास येईना, म्हणून घाई सोडली. दमायचं नाही, उगाच नाचायचं नाही, डावा हात गालाशी, हनुवटी आत, थांबायचं, बघायचं आणि मग एकच द्यायचा. लोक म्हणायचे, काय शांत खेळतो! शांत? त्याला दम पुरत नव्हता हो! आमच्याच व्यायामशाळेत दुसरा एक होता, त्याला आम्ही इंजिन म्हणायचो, कध्धी हरला नाही, सुरुवातीपासून नुसत्या टाळ्या. मोठ्या लढतीत पहिल्यांदा खाली पडला, तर उठून इकडे तिकडे बघायला लागला, घर चुकल्यासारखा. पुन्हा ग्लोव्ह घातले नाहीत त्यानं. आमच्या चॅम्पियनला तसं झालं नाही. कारण त्याला लस टोचलेली होती. आणि टोचणारा कोण? चेहरा त्याचा, नाक माझं.

आणि तो काय सांगायचा? टीव्हीवर मुलाखत, खांद्यावर चॅम्पियनचा पट्टा, बाई विचारतायत, तुमच्या यशाचं गुपित काय? हा म्हणतो, "सुरुवातीला एकाकडून हरलो होतो, त्यातून शिकलो." एकाकडून. बायको मला कोपरानं ढोसून म्हणते, "अहो, तुमच्याबद्दल बोलतोय." मी म्हटलं, कशावरून? एकाकडून म्हणाला. जगात मीच एक आहे का? ती म्हणाली, "माझ्या जगात तरी आहात."  मी उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

पण मला सांगा, मी सोफे शिवतो. उत्तम शिवतो. लोक त्यावर बसतात, झोपतात, चहा सांडतात, आणि झिजला की रस्त्यावर आणून ठेवतात. माझ्या हातचं काय उरणार? ते एक नाक. आणि आता ते पितळेत ओतून कायमचं सरळ करून ठेवणार, आणि मी त्याच्यासमोरच्या खुर्च्यांना कापड लावायचं?

लावलं. काम ते काम.

कार्यक्रमाच्या दिवशी बायकोनं मला इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही मागच्या रांगेत बसलो. बँड वाजला. चॅम्पियन आला, काठी टेकत, केस गेलेले, पण नाक, तुम्हाला सांगतो, नाक जिथल्या तिथं, उजव्या गालाकडे! मला इतकं बरं वाटलं, गावाला गेलेलं आपलं माणूस स्टेशनवर दिसावं तसं. स्टेजवर ठेवलेल्या पुतळ्यावरचा पडदा ओढला. टाळ्या. अध्यक्ष माइकवर, "ज्याला पराभव ठाऊक नाही असा हा अजिंक्य वीर..."

चॅम्पियन पुतळ्याकडे बघतोय. मग त्यानं स्वतःच्या नाकाला हात लावला. मग पुतळ्याच्या. मग अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "हा कोण?"

अगदी माझाच प्रश्न!

तो म्हणाला, "मी हरलोय. दोनदा. आणि ज्यानं हरवलं तो तिकडे मागं बसलाय, मला मघापासून दिसतोय, कारण त्याच्या मागच्या कुणालाच स्टेज दिसत नाहीये." सगळा हॉल वळला. "माझं नाक त्यानं मोडलं. मोडलं म्हणून मी हात वर ठेवायला शिकलो. इकडं ये रे. ह्या पुतळ्याचं काम अर्धं राहिलंय, पुरं करून जा."

बायको म्हणाली, "जा ना अहो." मी गेलो. अध्यक्ष माझ्याकडे बघतायत, त्यांना फक्त खुर्च्यांवाले काका माहीत. चॅम्पियन माझ्या कानाशी म्हणाला, "म्हातारा झालास." मी वाक्य जुळवायला लागलो. तो म्हणाला, "राहू दे. मार."

मी म्हटलं, आपण नुसता हात लावू, लोकांना हसू येईल, फोटो निघेल, घरी जाऊ. खरंच तेवढंच मनात होतं. पण पाय आपोआप जागेवर गेले हो! डावा पुढे, उजवा मागे, खांदा खाली. इतक्या वर्षांनी माझा खांदा हलला, आणि शेजारी उभ्या चॅम्पियनची काठी खाली पडली, डावा हात गालाशी गेला, हनुवटी आत. त्याच्याकडे कुणी मारतही नव्हतं! पण शिकवलेलं विसरला नव्हता. आणि ते बघून मला काय झालं कोण जाणे, डोळे भरले, समोरचं दिसेना, आणि माझा उजवा गेला. मी पाठवला नाही. तो गेला.

कट्.

तोच आवाज. वाळलेली काडी. मनगटातून, कोपरातून, थेट कानात. मी पुतळ्याकडे बघितलं, नाक खांबासारखं सरळ. मग हाताकडे बघितलं. बोट उजवीकडे वाकडं.

अध्यक्ष म्हणाले, "काका, डॉक्टर!" बायकोचं बोलणं घरी आल्यावर सुरू झालं, ते अजून चालू आहे.

आता पुतळा तसाच आहे, सरळ नाकाचा. मूर्तिकार म्हणतो, पुन्हा ओतायला समिती तयार नाही. आणि मला डॉक्टर म्हणतात, ह्या वयात हाड आता असंच जुळणार. हातोडी नीट धरता येत नाही, खिळे ओठांत तसेच राहतात.

परवा मी दुकानात बसलो होतो, हाताला हे पांढरं प्लॅस्टर, समोर अर्धा उसवलेला सोफा, आणि दारात काठी वाजली. चॅम्पियन! एकटाच. उसवलेल्या सोफ्यावर बसला, स्प्रिंग कुरकुरली. माझा हात हातात घेतला, प्लॅस्टरबाहेर आलेलं वाकडं बोट ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. इतकी वर्षं मी मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, आलास की सांगेन म्हणून. तोंड उघडलं. तर तो उठला, सरळ उभा राहिला, पहिल्या दोन लढतींनंतर रेफरीनं माझा वर केला होता तसा, राहिलेली तिसरी जिंकल्यासारखा, स्वतःचा उजवा हात सावकाश वर केला, पार छताच्या पंख्यापर्यंत, जरा वेळ तसाच धरला, आणि काठी उचलून निघून गेला.