तपासून आलेली बंदूक

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरातले. वडील फाउंड्रीत होते, आणि त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, कारण लोखंडाचा रस ओतायच्या पळीला तडा गेला होता आणि तो दिसूनसुद्धा कुणीतरी म्हणालं, चालतंय की. आता आमच्या गावात उठता बसता चालतंय की, पण आमच्या घरात ते बोलायची बंदी. वडील म्हणायचे, माल परत ओतता येतो, माणूस परत ओतता येत नाही. तेच ऐकत मी मोठा झालो, डिप्लोमा केला, आणि काय सांगू तुम्हाला, आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातले तडेच शोधत बसलो, आधी पुण्याला आणि मग इथं ब्रिस्टलला, विमानाच्या इंजिनांच्या इन्स्पेक्शनला.

जॉर्ज तिथंच भेटला, शेजारचं बेंच त्याचं. वसंत म्हणायला जड जायचं म्हणून वॅस म्हणायचा, आणि मी एखादा पार्ट परत पाठवला की म्हणायचा, वॅस, तू स्वर्गात गेलास तर आधी दाराच्या बिजागऱ्या तपासशील. हिवाळ्यात तो सेव्हर्नच्या खाडीवर बदकं मारायला जायचा आणि मला सोबत न्यायचा. मी कधी बंदूक धरली नाही, माझं काम चहाचा फ्लास्क धरायचं. बदक आलं की माझी बायको शैला त्याचा तांबडा रस्सा करायची आणि जॉर्ज घाम पुसत दोन वाट्या प्यायचा. एकदा त्याच्या दाताखाली शिशाचा छर्रा आला, तर तो ताटाच्या कडेला ठेवून म्हणाला, शैला, आज मीठ जरा खडं राहिलंय. हसून हसून पुरेवाट झाली.

मग शिशावर बंदी आली. बरोबरच होती हो, चिखलात पडलेले छर्रे बदकं दाणा समजून गिळतात आणि झुरून मरतात. सगळे स्टीलच्या छर्र्यांवर गेले, जॉर्जनंही त्यासाठी नवी बंदूक घेतली. पण त्याच्या वडलांची जुनी दुनळी होती, ती कपाटात गेली, कारण स्टील कडक आणि त्या जुन्या नळ्या पातळ, तोंडाशी आवळलेल्या, त्यातनं स्टील उडवलं तर नळी फुगते, फाटतेसुद्धा. हे त्याला मीच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं. त्यानंतर ती बंदूक तेल लावण्यापुरतीच बाहेर निघायची.

गेल्या वर्षी डिसेंबरात त्याला कॅन्सर निघाला, पसरलेला. मला म्हणाला, वॅस, एकदा डॅडच्या बंदुकीनं जायचंय, एकच सकाळ. आम्ही गनस्मिथकडं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. भला माणूस, त्यानं नळ्या आतनं बाहेरनं मापल्या आणि म्हणाला, बिस्मथचे छर्रे घ्या, ते शिशासारखे मऊ, पण विषारी नाहीत, काडतूस मात्र आखूड आणि हलकं हवं, कारण ही बंदूक त्याच मापाची आहे. नळ्या मापात आहेत, खुशाल जा. जॉर्जनं काडतुसांचा डबा कोटाच्या आत छातीशी धरला.

तिथंच सगळं झालं होतं बघा. पण माझी नजर. डावी नळी एके ठिकाणी जरा पातळ लागत होती, मापात होती, पण मापाच्या अगदी कडेवर. मी म्हणलं, प्रूफला पाठवू. म्हणजे तिथं मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी टिकते का बघतात आणि नवा शिक्का मारतात. गनस्मिथ म्हणाला, हवं तर पाठवतो, पण गरज नाही, आणि वेळ लागेल. जॉर्ज म्हणाला, वॅस, तू म्हणशील तसं. आयुष्यभर माझ्या सहीवर विश्वास टाकलेला माणूस तो. मला वडलांचा हात दिसत होता. पाठवा म्हणलं.

जानेवारी गेला. जॉर्ज एक दिवसाआड फोन करायचा, आली का रे. मी म्हणलं, तोवर नव्या बंदुकीनं जाऊन येऊ, तर म्हणाला, नको, डॅडचीच. फेब्रुवारीची वीस तारीख उलटली, खाडीवरचा शिकारीचा सीझन संपला, आता सप्टेंबरपर्यंत बंदी. मार्चमध्ये गनस्मिथ बंदूक स्वतः त्याच्या घरी घेऊन आला. नळी ठणठणीत. जॉर्जनं नव्या शिक्क्यावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, पास झाली, वॅस, पुढच्या सीझनला जाऊ. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. जूनमध्ये तो गेला.

त्याची बायको मॅगी म्हणते, तू त्याच्या काळजीपोटीच केलंस. केलं हो. पण खरं सांगू का, नळी फुटेल असं मला वाटतच नव्हतं, माझ्या तोंडातनं फक्त चालतंय की निघत नव्हतं. ज्याचे दिवस मोजलेले, त्याच्यापुढं मी नळीची जाडी मोजत बसलो. लई वाईट वाटतं, अजून रडू येतं. वडलांचं खोटं नव्हतं, पण सकाळसुद्धा परत ओतता येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

आता त्याची लॅब्राडोर, डेझी, माझ्याकडं असते, मॅगीला झेपत नाही. सोफ्यावर चढली तरी मी म्हणतो, चालतंय की, आणि शैला माझ्याकडं बघतच राहते. तुमचं भलं होवो, कामात तडे जरूर शोधा, पण आपलं माणूस म्हणालं आज जाऊ, तर जा. मी डेझीला घेऊन खाडीवर जातो, फ्लास्क तेवढा असतो. बदकं डोक्यावरनं गेली की ती अंग ताठ करून माझ्याकडं बघते, बार कधी होणार म्हणून. तुम्हाला निदान सांगता आलं, तिला काय सांगू.